तळजाईवर मुंगूस उडालं! आणि म्हणे तो कोकीळ?

उशिरा_उठणारा | रविवार, ८ जून, सकाळी ११:०५

एरवी मी वाचनमात्र असतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सासरेबुवा सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहेत. ते पहाटे साडेपाचला टेकडीवर निघतात आणि जाताना मलाही उठवतात. (माझं सदस्यनाम आता बदलावं लागणार.) आज पुण्याच्या तळजाई टेकडीवर पायवाटेच्या कडेला घाणेरीच्या जाळीत काहीतरी सरपटताना दिसलं. रंग मातकट, शेपूट लांब, मान खाली घालून सरळ रेषेत पळत होतं. मी म्हटलं, मुंगूस. सासरे म्हणाले, मुंगूसच. तेवढ्यात त्या मुंगसाने टुणकन उडी मारली ती थेट बोरीच्या खालच्या फांदीवर. मग त्याच्या वरची, मग त्याच्याही वरची, जिना चढावा तशा फांद्या चढत ते शेंड्याला पोचलं आणि पंख पसरून समोरच्या गिरिपुष्पाच्या झाडांत तरंगत गेलं. आम्ही दोघं आ वासून बघत राहिलो.

चोच मात्र नीट पाहिली. लालभडक, लिपस्टिक लावल्यासारखी, आणि टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं. उडताना शेपटीच्या कडांना पांढरे ठिपके दिसले.

सासऱ्यांचा निकाल जागेवरच लागला: "भारद्वाजाची मादी." घरी आल्यावर लेकीने मोबाइलवर शोधलं तर 'सिरकीर मालकोहा' असं नाव आलं, आणि खाली लिहिलेलं, कुल: कोकीळ. आता मला सांगा, हा कोकीळ कसा? कुहू नाही, काळा रंग नाही, जमिनीवर मुंगसासारखा पळतो. आणि कोकीळच असेल तर हा अंडी कुणाच्या घरट्यात घालतो? फोटो जोडलाय.

सदाशिव_बाहेरचा | ८ जून, ११:२०

फोटोतलं झुडूप फार सुंदर आलंय. पक्षी कुठे आहे?

उशिरा_उठणारा | ८ जून, ११:२४

उजवीकडे वर बघा, शेपटीचा शेवटचा दीड इंच आहे.

दुर्बीणवाली | ८ जून, १२:१०

दीड इंच पुरे झाला, आणि चोचीचं वर्णन तर बिनतोड आहे. लेकीला शाबासकी द्या, सिरकीर मालकोहाच. चेरीसारखी लाल चोच आणि पिवळं टोक असलेला या आकाराचा दुसरा पक्षी आपल्या टेकड्यांवर नाही.

चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ४२ सेंटीमीटर. म्हणजे कोकिळेएवढाच, पण निम्मी लांबी शेपटीची. रंग वाळूचा, डोक्यावर आणि छातीवर पेनाने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा. जवळून पाहायला मिळाला तर पापण्या बघा. मी एकदा वेताळ टेकडीवर एका दगडाआड बसले होते, तेव्हा तो आठ-दहा फुटांवर आला. वरच्या पापणीचे केस इतके लांब आणि वळलेले, की नटून आलाय असं वाटावं. त्याने माझ्याकडे एक डोळा लावून बघितलं, पानाखालून एक अळी ओढली, दोनदा आपटली, गिळली आणि जाळीत शिरला. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

हा उडायला अगदी नाखूश असतो. तुम्ही म्हणालात तसा आधी फांद्या चढतो आणि मग उंचावरून तरंगत उतरतो. पुण्याच्या टेकड्यांवरचं काटेरी झुडपी रान त्याला मानवतं, घनदाट ओलं जंगल नाही. फारसा ओरडतही नाही, म्हणून वर्षानुवर्षं टेकडीवर फिरणाऱ्यांनाही तो माहीत नसतो. कधीतरी केक-केक-केक करतो, तेही पोपट ओरडला असं वाटून आपण सोडून देतो.

सासऱ्यांना सांगा, भारद्वाजाचे नर-मादी दिसायला सारखेच असतात. दोघंही काळे, पंख तांबूस, डोळे लाल. मादी आकाराने जरा थोराड, एवढाच फरक.

उशिरा_उठणारा | ८ जून, १२:३०

सांगितलं. "पुस्तकात काहीही छापतात" असं उत्तर आलं.

व्याख्या_वाचस्पती | ८ जून, १:१५

माझा मूलभूत आक्षेप आहे. कोकीळ म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी. संस्कृतात त्याला 'परभृत' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. हा मालकोहा स्वतःचं घरटं बांधत असेल तर त्याला कोकीळ म्हणणं चूक आहे. शास्त्रज्ञांनी सोयीसाठी कुणालाही कुठेही कोंबायचं आणि आपण माना डोलवायच्या!

शेवग्याची_शेंग | ८ जून, १:२२

जागा धरून बसते. कुणी पॉपकॉर्न घ्या.

निवृत्त_प्राणिशास्त्र | ८ जून, ४:४५

वाचस्पती, दुपारची झोप मोडून उत्तर देतोय, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या म्हणण्यात गाडी बैलाच्या पुढे जुंपलेली आहे. परभृत हे कोकिळेचं वर्णन आहे, कुळाची व्याख्या नव्हे. कोकीळ कुलात जगभरात सुमारे १५० जाती आहेत. त्यातल्या साठेक जाती दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतात. म्हणजे निम्म्याहून अधिक जाती काड्या गोळा करून, अंडी उबवून, पिल्लांना भरवून रीतसर संसार करतात. आपल्याला मुलखावेगळी मंडळीच आधी ओळखीची झाली आणि त्यांच्यावरून आपण अख्ख्या खानदानाचं नाव खराब केलं.

मग कोकीळ ओळखायचा कसा? आधी पाय बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे. चिमणी-कावळ्यांची तीन पुढे आणि एक मागे असतं. आता तुम्ही म्हणाल, पोपट आणि सुतार यांचीही बोटं दोन-दोन असतात. बरोबर आहे, म्हणून नुसत्या पायांवर भागत नाही. सांगाडा, स्नायू, पिसांची मांडणी आणि अलीकडे डीएनए असं सगळं जमेला धरतात. १९९०च्या सुमाराला सिब्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या तुलनेवरून या कुलाचे तुकडे केले होते, तेव्हा भारद्वाजांना स्वतंत्र कुल मिळालं होतं. पुढे बहुतेकांनी ती वाटणी मोडीत काढली आणि सगळे पुन्हा एका छपराखाली आले. आता भारद्वाज हे त्याच कुलातलं एक उपकुल.

यात धागाकर्त्यांच्या सासऱ्यांसाठी एक गंमत आहे. मालकोहा हा भारद्वाजापेक्षा कोकिळेला जवळचा. कोकीळ, पावशा, चातक आणि मालकोहे एका उपकुलात, भारद्वाज दुसऱ्या. म्हणजे संसारी मालकोहाचे सख्खे चुलत भाऊ परभृत, आणि दुसऱ्या संसारी भारद्वाजाशी त्याचं नातं लांबचं.

परभृतपणाची ही युक्ती कोकीळ कुलात एकदाच नाही, तीन वेळा वेगवेगळी उपजली असं आज मानतात: एकदा कोकीळ-पावशांच्या फांदीवर, एकदा चातकाच्या आणि एकदा पार अमेरिका खंडात.

व्याख्या_वाचस्पती | ८ जून, ५:१०

शेवटपर्यंत वाचलं. मग मराठीत या कुलाचं नाव बदला. 'कोकीळ कुल' म्हटल्यावर लोकांचा गैरसमज होणारच.

निवृत्त_प्राणिशास्त्र | ८ जून, ५:१४

सुचवा. तोवर चहा घेतो.

सदाशिव_बाहेरचा | ८ जून, ५:३०

"अर्धवट परभृत, अर्धवट सदाचारी कुल (मर्यादित)".

मालकंस_अर्धवट | ८ जून, ६:०५

जाता जाता, 'मालकोहा' हे काय नाव आहे? मालकंसाचा चुलत भाऊ? की रानाचा मालक?

दुर्बीणवाली | ८ जून, ६:४०

नाव सिंहली आहे. मल म्हणजे फूल, कोहा म्हणजे कोकीळ. फुलांचा कोकीळ. श्रीलंकेत लाल चेहऱ्याचा एक मालकोहा आहे, फक्त तिथेच सापडतो आणि तो अगदी ओल्या उंच जंगलातला. तो दिसावा म्हणून लोक तिथल्या सिंहराजा नावाच्या रानात जळवा अंगावर घेऊन फिरतात. आपला त्या मानाने स्वस्तातला, चप्पल घालून गेलं तरी दिसतो.

शास्त्रीय नाव टॅकोकुआ लेशेनॉल्टी. लेशेनो हे फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ, पुद्दुचेरीला होते, तिथली वनस्पती उद्यानाची उभारणी त्यांची. १८३०मध्ये लेसाँ या फ्रेंच पक्षितज्ज्ञांनी या पक्ष्याला त्यांचं नाव दिलं. टॅकोकुआ या प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) हा एकटाच आहे. बाकीच्या मालकोहांबरोबर त्याला एका प्रजातीत धरत नाहीत.

सह्यवाट | ८ जून, ९:५०

मग निळ्या चेहऱ्याचा मालकोहा वेगळा ना? दोन वर्षांपूर्वी गोव्यात पाहिला होता. करडा-हिरवा, चोच हिरवी, डोळ्याभोवती निळं कातडं. तो पुण्यात का दिसत नाही?

दुर्बीणवाली | ८ जून, १०:१५

हो, तो वेगळा. १८४०मध्ये जर्डन यांनी वर्णन केलेला. जुन्या पुस्तकांत तो ऱ्होपोडायटिस या नावाखाली सापडेल, हल्ली फीनिकोफेयसमध्ये आहे. द्वीपकल्पाचा दक्षिण भाग आणि श्रीलंका हे त्याचं घर. सिरकीर मात्र वर हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि पाकिस्तानपर्यंत पसरलाय. शेपटी दोघांच्याही पायऱ्यापायऱ्यांची आणि प्रत्येक पायरीला पांढरी किनार. ती पसरली की पैठणीचा पदर उलगडल्यासारखी दिसते.

आत्याबाई_नातूबाग | ९ जून, सकाळी ७:३०

भारद्वाजाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. आमच्या आईकडे भारद्वाज दिसला की आजी म्हणायची, आज गोड खायला मिळणार. आणि मग आजीच शिरा करायची, म्हणजे भाकीत कधी चुकायचं नाही. 😀 कोकणात त्याला कुंभारकावळा म्हणायचे. त्याच्या घरट्यात संजीवनीची मुळी असते, पिल्लाचे पाय साखळीने बांधले की तो ती आणून साखळी तोडतो, अशी गोष्ट सांगायचे. या गोष्टीपायी किती घरटी मोडली असतील कोण जाणे. भारद्वाजाचं घरटं मी पाहिलंय. गवताचा मोठा गोल, बाजूने दार, आत अंधार. मुळी वगैरे काही नव्हती.

गावरान_डॉक्टर | ९ जून, ८:१०

आत्याबाई, मुळीपेक्षा वाईट म्हणजे औषध. दम्यावर आणि क्षयावर भारद्वाजाचं मांस देतात अजून. माझ्याकडे एक पेशंट तीन महिने तो प्रयोग करून आला होता, तोवर क्षय चांगला पसरला होता. क्षयाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आणि भारद्वाज मारणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बागेतल्या गोगलगायी, सरडे, उंदराची पिल्लं, छोटे साप हे सगळं तो खातो. त्याला जिवंत ठेवण्यातच फायदा आहे.

रात्रपाळी | ९ जून, ८:३५

ते सगळं ठीक, पण खऱ्या कोकिळेचा काही बंदोबस्त आहे का? आमच्या सोसायटीत एप्रिलपासून ती पहाटे चार वाजता सुरू होते. आवाज चढत चढत जातो, आता फुटेल असं वाटतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मी रात्रपाळी करून तीनला झोपतो हो.

शेवग्याची_शेंग | ९ जून, ८:४१

ती नाही, तो! गाणारा नर असतो. मादी नुसतं किक-किक-किक करते. एवढी वर्षं कवींनी बाईला उगाच श्रेय दिलं आणि तुम्ही उगाच दोष देताय.

रात्रपाळी | ९ जून, ८:४४

तो असो नाहीतर ती, चारला नको.

मालकंस_अर्धवट | ९ जून, ९:००

आणि काळा कुळकुळीत असतो तो नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. आमच्या शेजारचे काका तिला कित्येक वर्षं 'ससाणा' म्हणत होते. नर समोर जाऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी अंडं घालून मोकळी. मग कोकिळेचं पिल्लू जन्मल्यावर कावळ्याची अंडी पाठीने ढकलून खाली पाडतं.

निवृत्त_प्राणिशास्त्र | ९ जून, ११:३०

मालकंस, शेवटचं वाक्य खोडा. अंडी ढकलणारं पिल्लू ते युरोपातल्या साध्या कोकिळेचं, म्हणजे क्युक्युलस कॅनोरसचं. आपल्या काळ्या कोकिळेचं पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांबरोबर वाढतं. चातकाचं पिल्लूही सातभाईच्या पिल्लांना ढकलत नाही.

पिल्लू ढकलतं हे पहिल्यांदा नीट पाहून कुणी लिहिलं? एडवर्ड जेन्नर. तेच, देवीच्या लसीचे. १७८८मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं. पिल्लाच्या पाठीवर अंडं मावेल असा खोलगट भाग असतो आणि काही दिवसांनी तो भरून निघतो, हेही त्यांनी नोंदवलं. लोकांनी बरीच वर्षं विश्वास ठेवला नाही. लस तर त्यानंतर आली.

गावरान_डॉक्टर | ९ जून, ११:४५

जेन्नर यांचं हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

परदेशी_बंडू | ९ जून, रात्री ११:२०

नमस्कार, मूळचा कोथरूडचा, सध्या कोस्टा रिकात. धागा वाचून खुर्चीतून उठलोच, कारण तुमच्या मुंगसाचा भाऊ माझ्या खिडकीसमोर राहतो.

इथे त्याला खारकोकीळ म्हणावं असं इंग्रजी नाव आहे, शास्त्रीय नाव पियाया कायाना. लिनियस यांनी १७६६मध्ये ठेवलेलं. कायाना म्हणजे फ्रेंच गयानातलं कायेन. मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत सगळीकडे सापडतो, दमट जंगलातही आणि कॉफीच्या मळ्यांतही. पाठ विटकरी, पोट करडं, चोच पिवळी. शेपूट अंगापेक्षा लांब आणि खालून काळी-पांढरी. वजन मात्र शंभरेक ग्रॅम. एवढं सगळं शेपटीतच.

त्याला उडताना मी फार कमी पाहिलंय. सकाळी कॉफी घेऊन बसलो की तो समोरच्या झाडात शिरतो. फांदीवरून अगदी खारीसारखा सुळसुळ पळतो, मग ताठ थांबतो. दोन-दोन मिनिटं हलत नाही. फक्त डोकं हळूच वळतं. मग झडप! परवा त्याने एक केसाळ सुरवंट पकडला होता, ज्याला हात लागला की इथली पोरं रडत घरी येतात तसला. त्याने तो फांदीवर डावी-उजवीकडे आपटून आपटून, चोचीत फिरवून मऊ केला आणि गिळला.

ब्राझीलमध्ये त्याला 'अल्मा दे गातो' म्हणतात, मांजराचा आत्मा. इथे खार, तिथे मांजर, पुण्यात मुंगूस. हा पक्षी कुणाला पक्षी वाटतच नाही बहुतेक.

हाही स्वतःच घरटं बांधतो. काड्या आणि पानं, दोन अंडी. वाचस्पतींनी नोंद घ्यावी.

व्याख्या_वाचस्पती | १० जून, सकाळी ६:५०

नोंद घेतली. मी आधीच माघार घेतलेली आहे, आता पाठलाग थांबवा.

दुर्बीणवाली | १० जून, ७:१५

बंडू, फार छान! आणि केसाळ सुरवंट हा सगळ्या घराण्याचाच आवडता पदार्थ. बाकीचे पक्षी ज्यांना तोंड लावत नाहीत ते हे लोक मिटक्या मारत खातात. काही जातींत तर सुरवंटाचे केस पोटाच्या अस्तरात रुतून बसतात, मग ते अस्तरच सुटतं आणि पक्षी ते ओकून टाकतो. आत नवीन अस्तर तयार असतं.

सदाशिव_बाहेरचा | १० जून, ७:१८

सकाळी पोहे खाताना वाचलं. धन्यवाद.

निवृत्त_प्राणिशास्त्र | १० जून, ९:४०

बंडूंच्या पक्ष्याचं आणि आपल्या मालकोहाचं उपकुल एकच आहे, म्हणजे ते भाऊ म्हणाले ते फार खोटं नाही. अमेरिकेत या कुलाचे आणखी नमुने आहेत. कार्टूनवाला रोडरनर हाही कोकीळ कुलातलाच, वाळवंटात धावणारा. आणि आनी नावाचे काळे पक्षी आहेत, त्यांच्यात तीन-चार जोड्या मिळून एकच घरटं बांधतात आणि सगळ्या माद्या त्यातच अंडी घालतात.

शेवग्याची_शेंग | १० जून, ९:५२

सहकारी गृहनिर्माण संस्था!

निवृत्त_प्राणिशास्त्र | १० जून, ९:५८

अगदी तशीच. कारण आपलं अंडं घालायच्या आधी मादी बाकीच्यांची अंडी घरट्याबाहेर लोटते.

रात्रपाळी | १० जून, १०:०५

आमचे सेक्रेटरी.

आत्याबाई_नातूबाग | १० जून, १०:३०

आणि पुरुषांनी अंडी उबवायची, असं काही नाही का या कुळात?

निवृत्त_प्राणिशास्त्र | १० जून, १०:४१

आहे की. आफ्रिकेतला काळा भारद्वाज. मादी एकाहून अधिक नवरे करते, अंडी घालते आणि पुढच्या नवऱ्याकडे जाते. उबवणं, भरवणं, सगळं नराच्या गळ्यात.

आत्याबाई_नातूबाग | १० जून, १०:४४

आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. पेपर वर धरला त्यांनी.

पुरंदरचा_शेतकरी | ११ जून, रात्री ९:१५

सासवडच्या पुढे आमची जमीन आहे. डाळिंब आणि थोडं माळरान. मूळ प्रश्न होता की हा अंडी कुठे घालतो, त्याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितो. टंकायचा सराव नाही, चुका माफ करा.

चार वर्षांपूर्वी बांधावरच्या बोरीत घरटं होतं. छातीएवढ्या उंचीवर. काट्याकुट्यांची बशीसारखी बैठक, उथळ. त्यातून खालचं दिसेल इतकी विरळ. पण आत हिरवी ओली पानं अंथरलेली. दोन अंडी, खडूसारखी पांढरी. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा पहिली पानं सुकलेली आणि त्यावर नवी पानं. कुणीतरी चादर बदलल्यासारखं.

मी बायकोला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. पण आमच्या पुतण्याने मोबाइलवर फोटो टाकला आणि पुढच्या रविवारी दोन गाड्या आल्या. मोठमोठे कॅमेरे. घरटं नीट दिसावं म्हणून त्यांनी समोरच्या दोन फांद्या तोडल्या. मी पंपावर होतो, येईपर्यंत झालं होतं. ऊन थेट अंड्यांवर. पक्षी परत आला नाही. अंडी चार दिवसांनी कशाने तरी नेली.

तेव्हापासून बांधावर काय आहे ते मी कुणाला सांगत नाही.

दुर्बीणवाली | ११ जून, ९:४०

वाचून वाईट वाटलं, दादा. सगळ्यांना विनंती: घरट्याचा फोटो टाकू नका, जागा तर अजिबात सांगू नका. पक्षी कुठल्या टेकडीवर दिसला एवढं पुरे. धागाकर्त्यांनी टेकडीचं नाव दिलंय ते ठीक, पाऊलवाट सांगू नका.

कॅमेरा_आणि_मी | ११ जून, १०:२०

सगळे फोटोग्राफर तसे नसतात, एवढंच म्हणायचंय.

पुरंदरचा_शेतकरी | ११ जून, १०:२५

तसे नसतात. पण फांद्या तोडल्या ते तसे होते.

सह्यवाट | १२ जून, सकाळी ८:०५

काल वेताळ टेकडीवर पावसाची पहिली चांगली सर झाली आणि पावशा सुरू झाला. "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा", प्रत्येक वेळी एक पट्टी वर. कारुण्य कोकिळाही कुठल्यातरी तारेवरून रडत होती. तीही वटवट्या आणि शिंपी पक्ष्यांच्या घरट्यांच्या जिवावर जगणारीच. चातकाची वाट बघतोय.

मालकंस_अर्धवट | १२ जून, ८:२०

पावशा शिक्र्यासारखा, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा, का दिसतो, हे कुणी सांगेल का? एकदा मी तासभर 'शिक्रा' म्हणून फोटो काढले आणि मग त्यानं तोंड उघडलं.

दुर्बीणवाली | १२ जून, ८:४५

पावशा ज्यांच्या घरट्यात अंडी घालतो ते सातभाईही तुमच्यासारखेच फसतात. शिक्रा समजून बाजूला होतात आणि घरटं मोकळं मिळतं. नुसता रंग नाही, उडण्याची ढबही तशीच: पाच-सहा वेळा पंख मारायचे आणि तरंगायचं. आपल्या मालकोहाला हे सोंग लागत नाही, कारण त्याला कुणाला फसवायचंच नाही.

उशिरा_उठणारा | रविवार, १५ जून, सकाळी १०:५०

पुन्हा दिसला! जागा सांगत नाही, दुर्बीणवालीताई.

आज दुर्बीण शेजाऱ्यांकडून मागून आणली होती. सासरे आणि मी एका खडकावर बसून होतो, थर्मासमधला चहा पीत. रात्री पाऊस झालेला, जमीन ओली. वीसेक मिनिटांनी तोच मातकट रंग घाणेरीखालून बाहेर आला. चालताना शेपूट जमिनीला टेकू नये म्हणून किंचित उचललेली. एक पाऊल, थांब, मान वाकडी, पुन्हा दोन पावलं. डोळ्याभोवती काजळ भरल्यासारखं काळं. पापण्या मला दिसल्या नाहीत, पण दिसल्या असंच सासऱ्यांना सांगितलं.

मग त्याने एका बुटक्या झाडाचं कोवळं पान चोचीत धरलं आणि डोकं झटकून तोडलं. हिरवंगार ओलं पान, लाल चोच. गिळलं नाही. तसंच धरून फांद्या चढत गेला आणि जाळीत आत शिरला. पाच मिनिटांनी रिकाम्या चोचीने बाहेर. पुन्हा दुसरं पान.

मला पुरंदरच्या दादांची चादर आठवली. मी सासऱ्यांना म्हटलं, आता इथून उठू या. ते काही न बोलता उठले, थर्मासचं झाकण लावलं आणि येताना आम्ही लांबचा रस्ता धरला. फोटो काढला नाही. या वेळी दीड इंचही नाही.

पुरंदरचा_शेतकरी | १५ जून, ११:१५

बरं केलंत.

निवृत्त_प्राणिशास्त्र | १५ जून, ११:३०

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. अंडी कुणाच्या घरट्यात? स्वतःच्या.

आत्याबाई_नातूबाग | १५ जून, ११:४०

आणि सासऱ्यांचं काय? अजून भारद्वाजाची मादीच का?

उशिरा_उठणारा | १५ जून, दुपारी १:२०

वाटेत मान्य केलं होतं त्यांनी. "हा भारद्वाज नाही" असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले. पण घरी आलो तर सासूबाईंनी शिरा केला होता. आता ताट समोर घेऊन म्हणतायत, सिद्ध झालं.